संशोधन-नीतीचे ऑनलाइन प्रशिक्षण : आखणीचा प्रश्न

विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आज संशोधन-नीतीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘संशोधन व प्रकाशन नीती’ या विषयाचा दोन श्रेयांकांचा व ३० तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. पुढे २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत, किमान १२ श्रेयांकांच्या पूर्वाभ्यासात तो असलाच पाहिजे असे बंधन घातले. विद्यार्थी दूरदूरच्या संशोधन-केंद्रांत विखुरलेले, हा विषय शिकवू शकणारे अध्यापक मोजके, आणि २०२० च्या महासाथीनंतर पडद्यावरील अध्यापनाची सर्वांनाच सवय झालेली. तेव्हा हे प्रशिक्षण ऑनलाइन करावे असा विचार विद्यापीठांच्या मनात यावा यात नवल नाही. परंतु ‘ऑनलाइन करणे’ याचा अर्थ व्यवहारात बहुधा असा होतो की, व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करावी, प्रत्येक व्याख्यानाखाली पाचदहा प्रश्न घालावे, आणि ठराविक गुण मिळताच प्रमाणपत्र आपोआप छापले जावे. आखणी म्हणून जी काही होते ती या यंत्रणेची होते. विद्यार्थ्याने शेवटी काय करू शकावे, हा प्रश्न तीत कोणी विचारीतच नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या राहून गेलेल्या प्रश्नाचा.

अशा प्रशिक्षणाची कुळकथा थोडी पाहिली म्हणजे ते आजच्या रूपाला कसे आले ते कळते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाने आजारी असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचे, त्यांच्या आजाराचे खरे स्वरूप त्यांना न सांगता आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, केवळ निरीक्षण चालू होते. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी ते उघडकीस आणले. त्यातून १९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा झाला आणि त्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचा ‘बेल्माँट अहवाल’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीविषयी आदर, हितसाधन आणि न्याय ही आज प्रत्येक प्रशिक्षणात आढळणारी त्रिसूत्री मूळची त्या अहवालातली. तथापि प्रशिक्षण सक्तीचे झाले ते यानंतर वीस वर्षांनी. १९९९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या एका प्रयोगात अठरा वर्षांचा तरुण दगावला. त्याच सुमारास काही नामांकित संस्थांतील मानवी संशोधन देखरेखीतील दोषांसाठी थांबविण्यात आले. ऑक्टोबर २००० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अनुदान मागणाऱ्या संशोधकांस मानवी सहभागींच्या संरक्षणाचे शिक्षण घेतल्याचा दाखला आवश्यक केला. हजारो संशोधकांना अल्पावधीत दाखला हवा होता. त्याच वर्षी मायामी विद्यापीठ आणि सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्र यांच्या पुढाकाराने ऑनलाइन पाठांची जी योजना सुरू झाली, ती पुढे ‘सिटी’ या संक्षिप्त नावाने जगभर पसरली. पाठ वाचावा, प्रश्न सोडवावे, दाखला घ्यावा ही पद्धत तेव्हाच रूढ झाली. तिचा उगम अध्यापनशास्त्रात नसून अनुदानाच्या अटीत आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

याच राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००९ च्या अखेरीस संशोधनातील जबाबदार आचरणाविषयी जी सूचना काढली, ती येथे उद्‌बोधक आहे. ज्यांना प्रशिक्षणासाठी विद्यावेतन दिले जाते त्यांना या विषयाचे प्रत्यक्ष भेटीत किमान आठ तासांचे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ऑनलाइन पाठ पूरक म्हणून उपयुक्त असले तरी केवळ त्यांवर भागणार नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जिच्या अटीमुळे ऑनलाइन दाखल्याची प्रथा वाढली, तिनेच दहा वर्षांत त्या साधनाची मर्यादा सांगितली. त्याच वर्षी विज्ञानशाखांतील नीतिशिक्षणाविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यातही अशा शिक्षणाचा परिणाम एकंदरीत बेताचाच आढळला, आणि प्रसंगांवर चर्चा करावयास लावणारे पाठ त्यातल्या त्यात अधिक फलदायी दिसले.

आता आपल्याकडील ३० तासांची वाटणी पाहावी. तत्त्वज्ञान व नीती यांस ३ तास, वैज्ञानिक आचरणास ५, प्रकाशन-नीतीस ७, मुक्त प्रकाशनास ४, प्रकाशनातील गैरव्यवहारास ४, आणि माहितीसंच व संशोधन-मापन यांस ७. अर्धा नव्हे, तर चांगला दोनतृतीयांशाहून अधिक काळ प्रकाशनाच्या अंगाला दिलेला आहे. संशोधनपत्रिकेचा प्रभावांक कसा काढतात हे विद्यार्थी शिकतो. पण ज्या माणसाची मुलाखत घ्यावयाची त्याची संमती कशी घ्यावी, यासाठी या सहा घटकांत स्वतंत्र घटक नाही. यामागे काही दुष्ट हेतू होता असे नव्हे. बनावट पत्रिका आणि उचलेगिरी यांनी त्या काळी जो उच्छाद मांडला होता त्यावर उपाय म्हणून हा अभ्यासक्रम झाला, आणि त्या मर्यादेत तो उपयुक्तही आहे. मात्र विद्यापीठाने या चौकटीलाच संपूर्ण संशोधन-नीती समजून तिचे ऑनलाइन रूपांतर केले, तर समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, लोकसाहित्य, परिचर्या या विषयांचा विद्यार्थी माणसांत शिरण्यापूर्वी माणसांविषयी काहीच शिकलेला नसतो.

जे मोजता येते तेच शिकविले जाते, असा येथे अनुभव येतो. वाङ्मयचौर्यासंबंधी आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याचे टप्पे घालून दिले आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सुधारून पुन्हा सादर करावयाचे, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सादरीकरणास बंदी, ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द. हे आकडे प्रश्नपत्रिकेत घालण्यास अतिशय सोयीचे, आणि म्हणूनच ते प्रत्येक प्रश्नसंचात आढळतात. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात नीतीची कल्पना ‘दहाच्या आत’ या दोन शब्दांत मावू लागते. एखाद्याने इंग्रजी ग्रंथातील संपूर्ण प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावे प्रबंधात घातले, तर अक्षरसाम्य मोजणाऱ्या यंत्रणेला त्यात साम्य दिसण्याचे कारण नाही. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे उचलेगिरीचा मोह येतो तो बहुधा याच रूपात. आणि त्याविषयीचा एकही प्रश्न टक्केवारीच्या प्रश्नसंचात असत नाही.

नियमाचे पालन आणि नीतीचे पालन यांत अंतर पडू शकते, हे दाखविणारे अलीकडचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लशीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलींवर राबविला गेला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. संसदीय स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आंध्रातील संमतिपत्रांची जी मोजदाद दिली, तीनुसार ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृह-प्रमुखांच्या सह्या होत्या. लशीच्या गुणावगुणांचा प्रश्न येथे नाही. ती लस जगभर वापरात आहे. प्रश्न सहीचा आहे. शासकीय परिपत्रकानेच शाळा-वसतिगृहांच्या प्रमुखांना तशी मुभा दिली होती. कागद भरलेला होता, रकाना रिकामा नव्हता, सही करणारा जबाबदार अधिकारी होता. आणि तरीही ज्या आईबापांच्या मुलीच्या दंडात सुई टोचली जाणार होती त्यांना कोणी विचारलेले नव्हते. ‘संमतिपत्रावर सही आवश्यक आहे काय?’ या प्रश्नाला त्या प्रकल्पातील प्रत्येक कर्मचाऱ्याने ‘होय’ असे बिनचूक उत्तर दिले असते.

तेव्हा प्रशिक्षणाची आखणी नियमांच्या यादीपासून सुरू न करता, संशोधक ज्या क्षणी चुकण्याचा संभव असतो त्या क्षणापासून सुरू केली पाहिजे. असे क्षण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीने परत पाठविलेले प्रस्ताव, मार्गदर्शकांच्या आठवणीतील अडचणी आणि क्षेत्रकार्य करून आलेल्या विद्यार्थ्यांची टिपणे, एवढ्या सामग्रीतून, नावे-गावे वगळून, पंधरा-वीस प्रसंग सहज तयार होतात. त्या प्रत्येक प्रसंगाभोवती एक पाठ उभारावा. नियम, कायदा व इतिहास हे त्या प्रसंगाच्या उलगड्यात जेथे लागतील तेथे यावेत.

नमुन्यादाखल पाठासाठी रचलेला एक प्रसंग घेऊ. बीड जिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास एका विद्यार्थिनीने हाती घेतला आहे. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यामुळे विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. ती कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर जाते. मुकादम भला माणूस आहे. ‘ताई, काळजी करू नका, सगळ्यांना बसवतो,’ असे म्हणून तो आठ-दहा बायकांना बोलावून घेतो आणि स्वतः तेथेच बाजेवर बसतो. विद्यार्थिनी माहितीपत्रक वाचून दाखविते. कोणीच काही विचारीत नाही. शेवटी एक बाई म्हणते, ‘लिवा, काय लिवायचं ते.’ अंगठ्यांसाठी शाईचे पॅड पुढे केले जाते. येथे पाठ थांबतो आणि प्रश्न येतो : विद्यार्थिनीने आता काय करावे?

पर्याय चार देता येतील. कोणी हरकत घेतलेली नाही, म्हणून मुलाखती सुरू कराव्या. मुकादमाची लेखी परवानगीही घेऊन ठेवावी. मुकादमास बाहेर जाण्याची विनंती करावी. किंवा आज अंगठे न घेता परत यावे. पहिले दोन पर्याय चूक आहेत हे विचारांती बहुतेकांना उमगेल. मुकादमाने दिलेली परवानगी ही तळावर येण्याची परवानगी असते. समूहाच्या प्रमुखाची अनुमती ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परंतु तिसरा पर्याय, जो वरकरणी सर्वांत बरोबर वाटतो, तोही निर्धोक नाही. या बाईने व तिच्या नवऱ्याने हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. त्याला उठवून लावून जी बोलली ती काय बोलली, हे त्याला रात्री तिच्या नवऱ्याकडून विचारून घेता येते. एवढेच नव्हे, तर जिच्या अंगठ्याचा कागद विद्यार्थिनीच्या पिशवीत आहे, ती बोलली याचा तो कागदच पुरावा होतो. अशा ठिकाणी हंगाम संपल्यावर बाई गावी परतली असता तिच्या घरी मुलाखत घेणे, किंवा लेखीऐवजी तोंडी संमतीची परवानगी नीतिसमितीकडून आधीच मागून ठेवणे, हे मार्ग पर्यायांत मुळीच नसतात; आणि नसावेतच. चारही पर्याय अपुरे आहेत हे जाणवून विद्यार्थ्याने पाचवा स्वतः लिहावा, यासाठी पडद्यावर मोकळी जागा ठेवावी.

येथे परीक्षेचे गणित बिघडते, हे खरे. पाचव्या उत्तराला गुण यंत्र देऊ शकत नाही. ते कोणी तरी वाचावे लागते. आखणी करणाऱ्या समित्या नेमक्या याच ठिकाणी माघार घेतात आणि पुन्हा ‘बेल्माँट अहवाल कोणत्या साली प्रसिद्ध झाला?’ या प्रश्नाकडे वळतात. वास्तविक त्या सालाचे ज्ञान असून विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही आणि नसूनही फारसे अडत नाही. शिवाय अशा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी एकमेकांस पाठवितात हे जुने झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ती निमिषार्धात देतात. ज्या परीक्षेत यंत्र प्रश्न विचारते, यंत्रच उत्तर देते आणि यंत्रच प्रमाणपत्र छापते, तीत विद्यार्थ्याचा संबंध केवळ नावापुरता उरतो. पर्यायी प्रश्न ठेवावयाचेच असतील, तर प्रत्येक पर्यायाच्या पाठीमागे सविस्तर विवेचन असावे आणि चुकीचा पर्याय निवडणाऱ्यास ‘चूक’ एवढाच शब्द न दिसता, त्या निवडीने पुढे काय घडले असते ते वाचावयास मिळावे. यासाठी लागणारे श्रम लेखनाचे आहेत, यंत्राचे नव्हेत.

भाषेचा प्रश्न याहूनही जवळचा आहे. संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे हा नियम सर्वांना पाठ असतो. प्रत्यक्षात मूळ मसुदा इंग्रजीत तयार होतो, आणि ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता अभ्यासातून माघार घेऊ शकता’ अशा मराठीत तो उतरतो. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते ऐकणाऱ्या शेतमजूर बाईला त्यातून ‘नाही म्हटलंत तरी चालेल, दवाखान्यात तुम्हाला मिळतं ते मिळतच राहील’ एवढा अर्थ पोचला नाही, तर ते व्यर्थ होय. खानदेशात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांच्या बाबतीत तर प्रमाण मराठीही परकीच ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे दारी आलेल्या शिकलेल्या पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही. ‘बघू’, ‘बरं’, ‘तुम्ही म्हणाल तसं’ ही नकाराचीच सभ्य रूपे असू शकतात. परदेशी पाठांच्या भाषांतरातून ही बाब कधीच शिकविली जाणार नाही. म्हणून या घटकाचे स्वाध्यायही वेगळे असावेत : विद्यार्थ्याने स्वतःचेच माहितीपत्रक बोलीत पुन्हा लिहावे, ते मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण पाठवावे, आणि ऐकणाऱ्या एखाद्या अपरिचित व्यक्तीने त्यातून काय समजून घेतले ते तिच्याच शब्दांत नोंदवावे. मुलांवरील संशोधनात पालकांच्या संमतीशिवाय मुलाचाही होकार लागतो. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा या वयात तो तोंडी आणि बारा ते अठरा या वयात लेखी घ्यावयाचा असतो. सातवीतल्या मुलाला कळेल असे चार ओळींचे निवेदन लिहून पाहणे, हा स्वाध्याय दिसतो तितका सोपा नाही.

प्रशिक्षण केव्हा द्यावे, याचाही विचार क्वचितच होतो. प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात सर्व काही उरकले जाते; क्षेत्रकार्य सुरू होते ते वर्ष-दीड वर्षाने. तोवर विद्यार्थ्याचा विषयही बदललेला असतो. वाङ्मयचौर्याचा भाग आरंभी योग्य आहे, कारण टिपणे काढण्याची सवय तेव्हाच लागते. संमती व गोपनीयता हा भाग मात्र संशोधन-आराखडा मंजूर होताना, आणि सामग्री जतन करण्याचा भाग सामग्री हाती येऊ लागल्यावर द्यावा. ऑनलाइन साधनाचा खरा लाभ हाच की, पाठ हव्या त्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती देता येतो. आणि नेमका तोच लाभ सर्व पाठ एकदम उरकून घालविला जातो.

यंत्रणेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. पाठ मोबाइलवर वाचता यावेत, कमी गतीच्या जोडणीवरही उघडावेत, आणि अंध विद्यार्थ्यांच्या वाचन-साधनांना त्यांतील देवनागरी मजकूर उमगावा. ठराविक मिनिटे उलटल्याखेरीज पुढचे पान न उघडण्याची जी युक्ती सर्रास योजली जाते, तिने विद्यार्थी वाचीत नाही. तो पान उघडे टाकून चहाला जातो. कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या प्रसंगी काय उत्तर लिहिले याची नोंद राहणारच. परंतु गोपनीयता शिकविणाऱ्या प्रशिक्षणाने ती नोंद कोण पाहील आणि किती दिवस राहील, हे विद्यार्थ्याला पहिल्याच पानावर सांगितले पाहिजे. तेही एक माहितीपत्रकच होय, आणि विद्यार्थ्याला भेटणारे पहिले.

राहता राहिला मार्गदर्शकाचा भाग. वर सांगितलेले पाचवे उत्तर वाचणार कोण, याचे उत्तर मार्गदर्शक असेच द्यावे लागते. दर प्रसंगानंतर विद्यार्थ्याचे लेखी उत्तर मार्गदर्शकाकडे जावे आणि त्यावर अर्धा तास समोरासमोर बोलणे व्हावे. चार प्रसंगांचे दोन तास हे कोणत्याही मार्गदर्शकास जड नसावेत. यात एक अडचण आहे ती स्पष्टच बोलली पाहिजे. पुष्कळ मार्गदर्शकांनी स्वतः संशोधन केले तेव्हा संमतिपत्र नावाची वस्तूच त्यांच्या विषयात प्रचारात नव्हती, आणि ‘आमच्या वेळी कोणी अडले नव्हते’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या तीस तासांवर पाणी ओतण्यास पुरेसे असते. तेव्हा तेच प्रसंग प्रथम मार्गदर्शकांनी सोडवावेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नसल्यास ती तशीच, मतभेदांसह, विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत.

या साऱ्याचा उपयोग झाला की नाही हे उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून कळणार नाही, कारण अशा परीक्षेत जवळजवळ सर्वच उत्तीर्ण होतात. त्याचे मोजमाप नीतिसमितीच्या दप्तरात आधीच पडलेले आहे. प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत आलेली माहितीपत्रके आणि नंतरच्या दोन वर्षांतील माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचावीत : सहभाग नाकारला तर काय होईल हे किती पत्रकांत सोप्या वाक्यात सांगितले आहे, मध्यस्थ कोण आणि त्याचा सहभागी व्यक्तीवर दाब किती याचा उल्लेख किती प्रस्तावांत आहे, ध्वनिमुद्रण केव्हा पुसले जाईल हे किती ठिकाणी लिहिले आहे. ज्या विभागांचे प्रस्ताव अद्याप नीतिसमितीपुढे जातच नाहीत, त्यांना आरंभ अर्थातच एक पायरी अलीकडून करावा लागेल.